शेवटचं पान बाईंना दाखवा

"हे अक्षर कुणाचं आहे, सांगू शकाल?"

इन्स्पेक्टरने प्लास्टिकच्या पाकिटातला कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. सकाळचे साडेदहा वाजले होते. बाईंनी हिरव्या पेनाचं टोपण नुकतंच काढलं होतं.

"मामांचं," बाई म्हणाल्या. "का? काय झालं?"

"आज सकाळी नदीच्या पुलावर, कठड्याला अडकवलेली एक पिशवी सापडली. तिच्यात हा कागद होता आणि दम्याचा पंप. काल अकरा वाजता ते घरातून निघाले, ते परत आलेच नाहीत. नदीत बोट उतरवली आहे आम्ही."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

मामा म्हणजे त्या प्रकाशनाचे सगळ्यात जुने लेखक. वय पंचाहत्तर, सोळा कादंबऱ्या, छातीत कायमचा दमा. त्यांचा भाचा त्यांना मामा म्हणायचा, म्हणून सगळं ऑफिस मामा म्हणू लागलं. बाई तिथे प्रुफं तपासायच्या. तीस वर्षं तेच टेबल, तीच खुर्ची. त्यांच्या मागे त्यांना सगळे स्वल्पविरामबाई म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"वाचा," इन्स्पेक्टर म्हणाला.

बाईंनी वाचलं.

"नदीकडे जातोय मी. लिहायचं होतं ते लिहून झालं, आता काही उरलेलं नाही. कुणावर, माझा राग नाही. कुणालाही, दोष, देऊ नका. भाच्याला, सांभाळा. माझं, शेवटचं, पान, बाईंना, दाखवा."

"शेवटच्या ओळीतल्या बाई तुम्हीच ना? म्हणून तर आधी इथे आलो. शेवटचं पान म्हणजे काय?"

"त्यांची रीत आहे. पुस्तकाचं शेवटचं पान छापायच्या आधी मी त्यांच्या घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवते. ते मान हलवतात, मगच ते पान छापायला जातं."

एवढं बोलून बाई थांबल्या. कागदात काहीतरी भयंकर चुकलेलं होतं. काय ते त्यांना पहिल्या ओळीतच कळलं होतं.

मामा स्वल्पविराम देत नसत. एकही नाही, कधीच नाही. त्यांची वही म्हणजे शिसपेन्सिलीने लिहिलेल्या शब्दांची अखंड रांग. वाक्य संपलं की टिंब, बाकी मोकळं रान. वही थेट ऑपरेटरकडे जायची. ऑपरेटर मुलगी ते आहे तसं टाइप करायची. मग ते प्रूफ बाईंकडे यायचं. बाई ते मामांसमोर बसून मोठ्याने वाचायच्या आणि जिथे पात्राचा श्वास अडेल तिथे हिरवा स्वल्पविराम द्यायच्या. "शब्द माझे, श्वास तुमचे," असं मामा म्हणायचे. हे जगाला सांगावं असं त्यांना फार वाटे. बाईच नको म्हणत. लोकांना काय करायचंय?

आणि आता मामांच्या स्वतःच्या अक्षरात, एका चिठ्ठीत, नऊ स्वल्पविराम!

हे बाई बोलणारच होत्या. तेवढ्यात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी हात पडला.

"काय अनर्थ झाला हो बाई," मागून संपादक म्हणाले. त्यांच्या बाजूला मामांचा भाचा उभा होता, दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. पार्टिशनपलीकडे ऑपरेटर मुलगी कीबोर्डवरचे हात उचलून ऐकत होती.

बाईंनी तोंड मिटून घेतलं. अकरा वाजता घरातून निघालेला माणूस कुणाकडे तरी गेला असणार. कुणीतरी समोर उभं राहून हे लिहवून घेतलेलं होतं. मामांच्या जवळची बहुतेक माणसं याच खोलीत होती. बाई फार घाबरल्या. तीस वर्षं ज्या खोलीत त्या निर्धास्त बसल्या होत्या, तिथे आता त्यांना मागे वळून बघायचंही धाडस होईना.

त्यांनी मामांच्या हातच्या दुरुस्त्या असलेलं एक प्रूफ पुढे ओढलं, मागच्यांना दिसू नये म्हणून त्यावर वाकल्या आणि समासात हिरव्या पेनाने भराभर लिहिलं.  अक्षर इतकं वाईट आलं की एरवी त्यांनीच त्यावर रेघ मारली असती. मग तो कागद इन्स्पेक्टरकडे सरकवत त्या म्हणाल्या, "साहेब, मामांच्या अक्षराचा दुसरा नमुना हवा असेल ना? हे त्यांचंच आहे."

इन्स्पेक्टरने वाचलं. समासात होतं: हे लिहवून घेतलंय. मामा कदाचित जिवंत असतील. इथे बोलता येत नाही. सगळ्यांना एकच विचारा, हे पत्र त्यांचंच कशावरून.

त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली.

"प्रत्येकाचा जबाब घ्यायचाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझा लिहून घेणारा नदीवर आहे. बाई, तुम्ही लिहून घ्याल?"

जबाब काचेच्या केबिनमध्ये सुरू झाले. केबिनकडे जाताना इन्स्पेक्टर बोळात पुस्तकांच्या गठ्ठ्याला अडखळला आणि पडता पडता वाचला.

"माफ करा हं," संपादक म्हणाले. "आज चार वाजता माझ्या कादंबरीचं प्रकाशन आहे. होतं म्हणायचं. मामाच प्रमुख पाहुणे होते. गोदामाला वाळवी लागलीय, उद्या औषध फवारायला येतायत, तोपर्यंत हे गठ्ठे इथेच." बोळाच्या टोकाच्या, अंगणात उघडणाऱ्या दारावर त्यांच्याच सहीची सूचना चिकटवलेली होती. गोदाम उघडू नये.

पहिले संपादकच बसले. दोन वर्षांपूर्वी आलेले, कडक इस्त्रीचे, बोलायला अतिशय गोड. नवोदितांच्या शिबिरात त्यांचं एक व्याख्यान ठरलेलं असे, कथेतला स्वल्पविराम. त्यात ते मामांचे उतारे वाचून दाखवत. एकदा तर त्यांनी बाईंनाच सांगितलं होतं, "बाई, विराम कसा द्यावा ते या माणसाकडून शिका." बाईंनी तेव्हा चहाचा घोट कसाबसा गिळला होता.

"काल कुठे होतात?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"रविवार. घरीच. भाषणाची तयारी करत होतो."

"मामांशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"शनिवारी संध्याकाळी. फोनवर. माझं पुस्तक त्यांनी वाचलं होतं, कौतुक करत होते."

"हे पत्र त्यांचंच कशावरून म्हणता?"

"साहेब, शंकाच नको. अक्षर बघा. आणि अक्षर सोडा, ही लय बघा. मरणाच्या दारातही माणसाने आपली शैली सोडली नाही." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

बाई खाली मान घालून लिहीत होत्या.

मग भाचा आला. चाळिशीचा, अविवाहित. मामांचं जेवणखाण, औषधं, सगळं तोच बघायचा.

"मामा काल निघताना काय म्हणाले?"

"म्हणाला, एकाला एक संधी देऊन येतो, तासाभरात परत."

"कुणाला?"

"नाही सांगितलं. मी विचारलंच नाही."

"का?"

 "आमचं भांडण झालं होतं. मी घरात सिगारेट ओढली म्हणून. त्याला धुराने त्रास होतो. मी म्हटलं, जा कुठे जायचंय तिथे. दिवसभर फोन केला नाही. रात्रीही नाही. वाटलं, रुसून मित्राकडे राहिला असेल." त्याने बाईंकडे बघितलं. "मावशी, मी त्याला जा म्हटलं हो."

"हे पत्र त्यांचंच कशावरून?"

"अक्षर त्याचं आहे. पण..." त्याने पाकीट उजेडात धरलं. "एवढं सजवून कशाला लिहिलंय? घरात त्याची किराण्याची यादीसुद्धा मला फोडून फोडून वाचावी लागते. तेल साबण चहा डाळ, सगळं एका दमात."

शेवटी ऑपरेटर. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"काल कुठे होतात?"

"इथेच आले होते, बाराच्या सुमाराला. कार्यक्रमाच्या निमंत्रणांचे उरलेले गठ्ठे गोदामात ठेवायला. वाळवीची सूचना मी तोवर वाचलीच नव्हती. पण किल्ली खिळ्यावर नव्हती, म्हणून ते तसेच टेबलाखाली ठेवले आणि गेले."

"किल्ली नेहमी कुठे असते?"

"पाण्याच्या फिल्टरशेजारी खिळ्यावर. कुणीही घेतं. आज आहे जागेवर."

"आणि हे पत्र त्यांचंच कशावरून?"

मुलीने वाचलं. मग ती बाईंकडे वळली. "बाई, हे स्वल्पविराम तुम्ही घातलेत का? मामांच्या कागदावर मी असलं कधी बघितलं नाही. सात वर्षं टाइप करतेय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, पाच मिनिटं," असं म्हणून त्या चिठ्ठी घेऊन उठल्या आणि बाथरूममध्ये जाऊन त्यांनी कडी लावली.

 कोण हे त्यांना आता कळलं होतं, पण कोण हा प्रश्न थांबू शकत होता. मामा कुठे आहेत, हा प्रश्न थांबू शकत नव्हता. दम्याचा माणूस, जवळ पंप नाही, आणि चोवीस तास होत आले होते.

त्यांना सवय होती तेच त्यांनी केलं. नळ सोडला, आणि त्या आवाजाच्या आडून चिठ्ठी मोठ्याने वाचली. प्रत्येक स्वल्पविरामाशी थांबून, मामांसमोर वाचायच्या तशी.

पहिली दोन वाक्यं नीट गेली. तिसऱ्यात पहिल्याच शब्दाशी अडलं. चौथ्यात प्रत्येक शब्दाशी. शेवटचं वाक्य वाचताना बाईंना स्वतःलाच धाप लागली. माझं. शेवटचं. पान. एकेका शब्दाला एकेक श्वास. आरशात त्यांना आपला चेहरा पांढरा पडलेला दिसला.

हे त्यांनी आधी वाचलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी. मामांच्या एका कादंबरीत एक दमेकरी कारकून पिठाच्या कोठारात अडकतो. त्या पानावर बाईंनी असेच शब्दाशब्दाला स्वल्पविराम दिले होते. तेव्हाच्या संपादकांनी हे व्याकरणात बसत नाही म्हणून काढून टाकायला सांगितलं होतं. मामा मात्र हट्टाला पेटले. "धुळीत माझा दम असाच जातो. बाईंनी माझी छाती कागदावर उतरवलीय. एकही हलवायचा नाही."

धूळ. मामांनी चिठ्ठीत धूळ लिहिली होती. आणि ती वाचणारं माणूस जगात एकच आहे हे ठाऊक असल्यामुळे तिचा पत्ताही लिहिला होता. बाईंना दाखवा.

खिळ्यावर नसलेली किल्ली. बोळात पडलेले गठ्ठे. उघडू नये.

बाईंनी कडी काढली आणि त्या धावल्या. चोपन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, त्या बोळातून धावल्या.

"साहेब, गोदाम! गोदाम उघडा!"

संपादक बोळात आडवे आले. "बाई, शांत व्हा. धक्का बसलाय तुम्हाला. आत वाळवी आहे, औषध..."

"औषध उद्या मारणार आहेत, तुम्हीच सांगितलंत," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याने खिळ्यावरची किल्ली ओढली.

मागचं अंगण ओलांडून पत्र्याचं ते गोदाम होतं. कुलुपात किल्ली दोनदा चुकली. दार ढकललं तेव्हा जुन्या कागदाची कोंदट धूळ तोंडावर आली आणि सगळ्यांनाच खोकला आला. आत अंधार होता. तीस वर्षांच्या न खपलेल्या पुस्तकांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या होत्या.

"मामा!" भाचा ओरडला.

काहीच ऐकू आलं नाही. बाईंना वाटलं, संपलं. उशीर झाला. नळ सोडून वाचत बसण्यात आपण पाच मिनिटं घालवली.

मग मागच्या भिंतीपाशी, जिथे पत्र्याच्या फटीतून बोटभर उजेड येत होता, तिथून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज आला. थांबला. परत आला.

मामा त्या फटीला तोंड लावून पडले होते. ओठ निळे पडले होते. डोळे मिटलेले होते. नाकातोंडावर त्यांनी स्वतःच्याच शर्टाची बाही बांधून घेतली होती. भाच्याने खिशातून दुसरा पंप काढला, मामांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत रडत फवारे मोजले.

ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांनी आली. डॉक्टर म्हणाला, "आत्ता काहीच सांगता येत नाही." भाच्याला सोबत जायचं होतं, पण इन्स्पेक्टरने त्याला थांबवलं.

"अजून कुणीच कुठे जायचं नाही."

चौघं परत केबिनमध्ये बसले. इन्स्पेक्टर दाराला पाठ लावून उभा राहिला.

संपादकच आधी बोलले. "किती नीच माणूस असेल. किल्ली तर उघड्यावर असते. माझ्या सूचनेचा कुणीतरी फायदा घेतला." त्यांनी भाच्याकडे बघितलं. "घरात भांडणंही चालू होती म्हणे."

भाचा उठला. इन्स्पेक्टरने त्याला खांद्याला धरून बसवलं. "बाई, तुम्ही बोला."

बाईंना बोलायची सवय नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यात गेलं होतं. समोरचा माणूस त्यांच्याकडे गोड हसून बघत होता आणि बाईंना त्याची भयंकर भीती वाटत होती. मामा वाचले नाहीत, तर हा असाच हसत बाहेर पडेल.

"मामा स्वल्पविराम देत नाहीत," त्या म्हणाल्या.

संपादकांचं हसू तसंच राहिलं. फक्त डोळ्यांतून गेलं.

"तीस वर्षांत एकदाही दिलेला नाही. छापलेल्या पुस्तकात असतात ते सगळे माझे. ते वाचून मी गोदाम कसं ओळखलं, ते साहेबांना मघाशी सांगितलंय. पण त्याहून एक मोठी गोष्ट आहे. मामांसमोर कुणीतरी उभं होतं, शब्दन् शब्द बघत होतं. आणि तरी त्यांनी ते विराम देण्याचं धाडस केलं. का केलं? कारण समोरच्याला त्यात काही वावगं वाटणार नाही, याची त्यांना खात्री होती."



"भाच्यासमोर त्यांनी हे केलं नसतं. तो घरातली यादी वाचतो, त्याला पहिल्या ओळीत कळलं असतं. या मुलीसमोर केलं नसतं. ती सात वर्षं त्यांच्या वह्या टाइप करतेय. दोघांनीही आज चिठ्ठी बघताक्षणी हेच बोलून दाखवलं. एकच माणूस म्हणाला की शंकाच नको, ही त्यांचीच लय आहे. त्याच्या हातात मामांचं लिखाण येतं ते माझ्या हातून गेल्यावर. तो त्या स्वल्पविरामांवर व्याख्यानं देतो."

"हा काय पुरावा झाला?" संपादक म्हणाले. आवाज अजून गोडच होता. "साहेब, या बाईंचं डोकं फिरलंय. मला मामांशी वैर असायचं कारण काय?"

ते मात्र बाईंना ठाऊक नव्हतं.  मग त्यांची नजर काचेबाहेर गेली. बोळात गठ्ठे होते. संपादकांची कादंबरी.

ते प्रूफ बाईंकडे आलं होतं. वर सूचना होती, माझा एकही विराम हलवायचा नाही. बाईंनी हलवला नव्हता. पण ते पुस्तक वाचताना त्यांना सारखं बेचैन होत होतं. शब्द ओळखीचे, आणि तरी प्रत्येक वाक्याला ठेच. संपादकांना सांगायला गेल्या तर ते म्हणाले होते, "आता वय झालं बाई तुमचं." बाईंनी ते खरं मानलं होतं.

त्या बाहेर गेल्या, एका गठ्ठ्याची सुतळी तोडली आणि एक प्रत घेऊन आल्या.

"हे छापलंय तसं वाचते," त्या म्हणाल्या. "'ती, उंबरठ्यावर थांबली आणि, मागे वळून तिने पाहिलं, नाही. दार लोटलं कडी घातली किल्ली, मुठीत धरली आणि मग तिला, आठवलं की आत, कुणीच नाही.'"

भाचा जमिनीकडे बघत होता. त्याला यातलं काहीच कळत नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला. डोळे मिटले. छापलेले विराम त्यांनी मनातून पुसले आणि त्यांना जे येत होतं तेवढंच केलं. श्वास जिथे यायचा तिथे येऊ दिला.

"'ती उंबरठ्यावर थांबली, आणि मागे वळून तिने पाहिलं नाही. दार लोटलं, कडी घातली, किल्ली मुठीत धरली, आणि मग तिला आठवलं, की आत कुणीच नाही.'"

भाचा ताडकन उभा राहिला. "हे आईचं आहे! आई घर सोडून गेली तेव्हाचं. मामाने हे मला वाचून दाखवलं होतं. काळ्या पुठ्ठ्याची वही होती, दोन वर्षांपूर्वी सापडेनाशी झाली. 'देऊन बसलो कुणालातरी वाचायला,' म्हणाला होता." तो संपादकांकडे वळला. "तुला दिली होती?"

संपादकांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सैल केली. 

"त्या वहीत एकही स्वल्पविराम नव्हता," ते अखेर म्हणाले. आवाजातली सगळी गोडी आटली होती. "मला वाटलं कच्चं टिपण असेल. त्यांना पुन्हा आठवणारसुद्धा नाही. मी त्यावर दोन वर्षं खपलो. विराम दिले, आकार दिला. आणि शनिवारी फोन करून म्हणतात, तुम्ही स्टेजवर स्वतः सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल. एवढ्या लोकांत! मी म्हटलं, रविवारी या, वही परत देतो, गोदामात ठेवलीय."

"पंप तुम्ही काढून घेतलात," इन्स्पेक्टर म्हणाला.

"म्हटलं, लिहा, मग देतो. दोन फवारे दिले, म्हणून तर सुरुवात नीट झाली. 'बाईंना दाखवा' ही ओळ त्यांनीच घातली, म्हणाले त्याशिवाय कुणाला पटणार नाही." त्यांनी वर बघितलं. "मी त्यांना हात लावला नाही हो. मी फक्त दार लावलं."

इन्स्पेक्टरने दार उघडलं आणि त्यांना पुढे घातलं. बोळात ते स्वतःच्याच पुस्तकांना अडखळले.

बाई खुर्चीत बसल्या. ऑपरेटरने त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, तो त्यांनी तसाच टेबलावर ठेवला. त्या सारखं एकच विचारत होत्या. हॉस्पिटलमधून फोन आला का?

फोन दुपारी तीनला आला. मामा शुद्धीवर होते, पण ऑक्सिजनवर. चौथ्या दिवशी मामांची ऑक्सिजनची नळी काढली.

बाई गेल्या तेव्हा भाचा खाली औषधं आणायला गेला होता. मामा उशांना टेकून बसले होते, अर्धे झालेले.

"उशीर केलात," ते म्हणाले. आवाज घोगरा होता.

बाईंना रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. "असले धंदे या वयात? एकटं जायचं कशाला त्याच्याकडे? आणि चिठ्ठी लिहिलीत ती तरी नीट लिहायची. 'दाखवा'च्या आधी काही धाप लागलेली नव्हती तुम्हाला, उगाच एक जास्तीचा दिलात."

"लागली होती," मामा म्हणाले.

बाईंनी नाक पुसलं. मग त्यांना ते आठवलं. चार दिवस त्या भीतीत होत्या, म्हणून ते मागे राहून गेलं होतं.

"पहिला मात्र धापेचा नव्हता. 'लिहून झालं'च्या पुढचा. पंप मिळाल्यावरचा. तो अगदी बरोबर जागी होता. मीही तिथेच दिला असता."

मामा खिडकीकडे बघायला लागले.

"म्हणजे तुम्हाला येतात?"

"तीस वर्षं समोर बसून बघतोय. न यायला काय झालं?"

"मग कधी दिले का नाहीत?"

मामांनी बराच वेळ श्वास गोळा केला.

"दिले असते तर तुम्ही घरी येऊन वाचून दाखवलं नसतंत."

 बाईंनी टेबलावरचा पंप उचलला आणि मामांच्या हाताला लागेल असा उशीपाशी ठेवला.